चपट्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या

आमच्या पाळकांना थोडे दिवस थांबायचं होतं. एवढंच मागणं होतं. ते त्यांनी वर्षभरात चौदा वेळा लिहून मागितलं आणि चौदाही वेळा आम्ही दिलं नाही. मी मंडळीचा वडील होतो, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक, शिवाय मला ते कळलंही होतं. म्हणून हे दुसऱ्या कुणी लिहिण्यापेक्षा मीच लिहितो.

मी सुतार. एकेचाळीस वर्षं रंधा ओढला, आता गुडघे गेले म्हणून घरी बसलोय. पाळकभाऊ पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होते. छापलेले ताव घडी करायचे, घड्या एकावर एक रचायच्या आणि पाठीतून सुईदोऱ्याने शिवून काढायच्या, हे त्यांचं काम. शर्टाच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असायची. कधीकधी रविवारी संदेश देतानाही ती तिथेच राहिलेली दिसायची. कारखान्यात त्यांना सगळे सुईदोरा म्हणत. मंडळीतली पोरंही मागे म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा बाप्तिस्म्याच्या वर्गात ते आपणहून म्हणाले, सुईदोरा आला रे, वह्या काढा.

आमची मंडळी सत्तरेक माणसांची. टायरच्या दुकानावरचा लांब हॉल, जिना बाहेरून. उपासना चालू असताना खाली हवा भरायचा पंप सुरू व्हायचा. पाळकभाऊ गप्प उभे राहायचे आणि पंप बंद झाला की वाक्य जिथे तुटलं तिथूनच जोडून घ्यायचे. एवढ्याशा मंडळीला पूर्ण वेळचा पाळक झेपत नाही. म्हणून सकाळी सात ते दुपारी तीन ते कारखान्याचे, आणि तीननंतर आमचे.

तीननंतर आमचे म्हणजे कुणी दवाखान्यात असेल तर तिथे. कुणाच्या नवराबायकोचं बिनसलं असेल तर त्यांच्या घरी. मंगळवारी आणि गुरुवारी घरोघरी वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास. कुणी वारलं तर पहिला फोन त्यांना, डॉक्टरच्याही आधी. रविवारी दोन उपासना. प्रत्येक जण त्यांना जिन्यात गाठायचा आणि म्हणायचा, पाळकभाऊ, दोनच मिनिटं. सोळा वर्षांत त्या दोन मिनिटांना त्यांनी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मी माणूस कामावरून जोखतो. हा माणूस मला पटला तो त्यांच्या संदेशामुळे नाही. त्यांनी शिवलेली पुस्तिका मी एकदा उसवून पाहिली होती. टाके सगळे एका अंतरावर. मी त्यांना म्हटलं, तुमचं बोलणं जरा वाकडंतिकडं जातं, शिवण मात्र सरळ आहे. ते हसले. म्हणाले, बोलणं तुम्हीच रंधून द्यायला हवं.

प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी मी केली. सागवानी, एकही खिळा नाही, दातात दात बसवून सांधलेली, वर फट, मागे कुलूप. चिठ्ठ्या पाळकभाऊ आणायचे, कारखान्यात कापून उरलेल्या कागदाच्या, सगळ्या एका मापाच्या. ज्याला जे मागायचं ते लिहून आत टाकायचं. नाव लिहायचं नाही. रविवारी पाळक पेटी उघडून एकेक चिठ्ठी वाचणार, वडिलांपैकी कुणीतरी प्रार्थना करणार. नियम मी मांडला होता : चिठ्ठी कुणाची, हे कुणी शोधायचं नाही, ओळखलं तरी बोलायचं नाही. नियम चांगला होता. त्यामुळे लोक दारूबद्दल लिहायला लागले, घरातल्या मारहाणीबद्दल लिहायला लागले. पेटीला बघून पाळकभाऊ म्हणाले होते, मिस्त्री, इतकी घट्ट केलीत की एखादी प्रार्थना आतच अडकायची.

पेटी बसवली त्याच वर्षीची गोष्ट. मुलांचा वर्ग घेणाऱ्या बाई मंडळीच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला दोन रविवार सुटी हवी. घरात सासूचं आजारपण होतं, झोप नव्हती. मी पटकन बोललो, "बाई, प्रभूच्या कामात सुटी नसते. मी तापातसुद्धा बाकं केलीत." खोटं नव्हतं ते, केली होती. बाई बसल्या. त्यांनी सुटी घेतली नाही, पुढच्या वर्षी वर्गच सोडला. त्या बैठकीत पाळकभाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. समोरच्या कागदाला घडी घालत होते, उलगडत होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पहिली चिठ्ठी निघाली. पाळकभाऊंनी ती बाकीच्या चिठ्ठ्यांसारखीच वाचली. "एक भाऊ फार थकला आहे. त्याला थोडे दिवस थांबता यावं, म्हणून मंडळीने प्रार्थना करावी."

प्रार्थनेची पाळी माझी होती. मी म्हणालो, प्रभू, या भावाला बळ दे, त्याचे हात ढिले पडू देऊ नकोस, त्याला चालत ठेव. सगळे आमेन म्हणाले. पाळकभाऊही म्हणाले.

चिठ्ठ्या नंतर फाडून टाकायचं काम माझ्याकडे होतं. ती फाडताना मला अक्षर दिसलं. आडवी रेघ जाड, उभी बारीक. चपट्या पेन्सिलीची. सुताराची पेन्सिल पटाशीने तासतात, तिचं टोक रुंद असतं, त्यामुळे रेघ अशी उमटते. पाळकभाऊंच्या खोलीत फळी बसवताना त्यांनी माझ्याकडून अशी एक पेन्सिल मागून घेतली होती आणि परत द्यायला लागले तेव्हा मी म्हटलं होतं, राहू द्या. आमच्या मंडळीत दुसरा सुतार नाही.

मी चिठ्ठी फाडली. नियम होता. खरं सांगायचं तर नियमापेक्षा दुसरंच मनात होतं. वाटलं, होतो थकवा. मलाही होतो. माणूस थांबला की गंजतो. दोन दिवसांत सावरतील.

मग दर तीनचार आठवड्यांनी ती चिठ्ठी यायची. शब्द तेच, फक्त एकदा 'फार' दोनदा लिहिलं होतं. पाळकभाऊ स्वतः वाचायचे, आवाज न बदलता, आणि आम्ही पाळीपाळीने बळ मागायचो. त्या भावाने कधीच बळ मागितलं नव्हतं. थांबायला मागितलं होतं. ते शब्द सत्तर माणसांच्या कानांवरून चौदा वेळा गेले आणि आम्ही डोळे मिटून भलतंच मागत राहिलो.

मध्यंतरी एकदा वहिनी, म्हणजे पाळकभाऊंची बायको, माझ्या घरी आल्या. कामाशिवाय कुठे जाणारी बाई नाही. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "भाऊजी, हे जेवताना घास हातात धरून बसतात. तुम्ही जरा बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, बोलतो. दुसऱ्या दिवशी गेलो आणि हॉलच्या गळक्या पत्र्याबद्दल बोलून आलो. थकलात का, हे एका पुरुषाने दुसऱ्याला कसं विचारायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकायचा प्रयत्न मी केला नाही, हेही तितकंच खरं.

चौदाव्या चिठ्ठीच्या रविवारी प्रार्थना पुन्हा मीच केली. तेच शब्द. डोळे उघडले तर पाळकभाऊ चिठ्ठी हातात धरून उभे होते. खाली पंप चालू होता. तो थांबला. आम्ही वाट पाहिली. ते म्हणाले, "मला आज पुढे जाता येत नाही." आणि खाली येऊन पहिल्या बाकावर बसले, आमच्याकडे पाठ करून. आम्हाला वाटलं, प्रार्थनेला बसले. एकाने गीत सुरू केलं, दुसरं गीत झालं. वहिनी पुढे जाऊन त्यांच्याजवळ बसल्या तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

डॉक्टरने सगळं तपासलं. हृदय ठीक, डोकं ठीक. तो म्हणाला, माणूस वापरून संपवलाय तुम्ही. हे त्याने मला तोंडावर सांगितलं, कारण त्यांना घेऊन मीच गेलो होतो.

मग मंडळीने विश्रांती दिली. तीन महिने, मग सहा, मग हवी तेवढी. आता कुणी नाही म्हणत नव्हतं. पण पाळकभाऊ परत उभे राहिले नाहीत. कारखाना सुटला, मंडळी सुटली. बोलायचे, चालायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. वचन उघडून समोर ठेवलं तर पानाची कड अंगठ्याने चाचपायचे, शिवण बघायचे, आणि मिटून ठेवायचे. ते आणि वहिनी मुलीच्या घरी राहायला गेले.

नव्या पाळकासाठी खोली रिकामी करायला मीच गेलो. फळीवर पुस्तिकांचे गठ्ठे होते. पाळकभाऊ स्वतः लिहायचे, कारखान्यातला एक मित्र छापून द्यायचा, ते शिवायचे आणि लहान लहान मंडळ्यांना टपालाने पाठवायचे. घरी जाऊन आजाऱ्याला कसं भेटावं, मयत झालेल्या घरात काय बोलू नये, अशा चोवीसचोवीस पानांच्या. एका गठ्ठ्यावर नाव होतं 'सेवकाचा थकवा : वडिलांसाठी चार शब्द'. सोबत परगावच्या पाळकांची पत्रं बांधून ठेवलेली. एकाने लिहिलं होतं, तुमची पुस्तिका आमच्या वडिलांनी वाचली आणि मला महिनाभर घरी पाठवलं, मी वाचलो.

पुस्तिका सहा वर्षांपूर्वीची होती. मी तिथेच उभ्याने वाचली. नवव्या पानावर होतं : सेवक आपल्या तोंडाने विश्रांती मागणार नाही, त्याला लाज वाटते. वडिलांनी ती न मागता द्यावी, आणि त्याचं दार आपण राखावं. ती फळी मी बसवली होती. पातळी लावून पाहिली होती, तसूभर फरक नव्हता. तिच्यावर काय ठेवलंय ते सहा वर्षांत पाहिलं नाही. ते दुसऱ्या मंडळ्यांसाठी होतं, आमचे पाळक धडधाकट होते.

मुलीच्या घरी गेलो तेव्हा दुपार होती. पाळकभाऊ खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत होते. कॉलरला सुई नव्हती. वहिनी आणि मुलगी बाजारात निघाल्या होत्या, मला म्हणाल्या, तुम्ही आहात तर आम्ही जाऊन येतो. मी स्टूल ओढून बसलो. मी सुतारकामाचं काहीबाही सांगितलं. मग तेच म्हणाले,

"मिस्त्री, चिठ्ठ्या तुम्हीच फाडायचा ना?"

"हो."

"ओळखलं होतंत?"

मी म्हटलं, "पहिल्याच वेळी."

त्यांनी मान हलवली. रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पेन माझ्या खिशात असायचं. पेन्सिल मुद्दाम घ्यायचो. म्हटलं, बाकी कुणाला नाही तरी तुम्हाला कळेल."

मी म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दुखऱ्याच. थोड्या वेळाने तो हात जड झाला. बघतो तर डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. हात मी तसाच राहू दिला.

अर्ध्या तासाने दारावर थाप पडली. हात अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दाराशी गेलो. आमच्याच मंडळीतल्या एक बाई होत्या, दोन बस बदलून आलेल्या. मुलाचं लग्न ठरत होतं, पाळकभाऊंकडून प्रार्थना करून घ्यायची होती. म्हणाल्या, दोनच मिनिटं.

मी दारात आडवा उभा राहिलो.

"ते झोपलेत, बाई. दोन मिनिटंसुद्धा नाही."

त्या जरा चिडल्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, माझ्या खांद्यावरून आत बघितलं, आणि गेल्या. मी दार लावलं, कडीचा आवाज होऊ दिला नाही, आणि परत स्टुलावर येऊन बसलो. पाळकभाऊ चार वाजेपर्यंत झोपले.

पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ भरून ते गेले. तोवर दर बुधवारी दुपारी मी त्या दारात बसायचो.