बर्फातला शिकारी सोहारमध्ये

मस्कतच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलली आणि आत काच खळखळली. बाबांचं चित्र फुटलं! जुन्या अमेरिकन मासिकातलं पान ते: बर्फातली लाकडी झोपडी, दारात बंदूकवाला शिकारी, मागे घनदाट रान. सांगलीच्या छापखान्यात लाकडी ठसे कोरणाऱ्या बाबांना ते रद्दीत सापडलं होतं. एवढं मोठं चित्र एका ठोकळ्यावर मावत नसे. चार-पाच जण तुकडे कोरत, मग ते बोल्टांनी आवळत; छापल्यावर जोडाची बारीक रेघ उमटे. "सांधा शोधा," बाबा म्हणायचे. शाबासकी नेहमी दादाला. मला तो सांधा कधी दिसलाच नाही आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाबा गेले तेव्हा हाच लाडका दादा आला नाही. चार वर्षं झाली, सांगलीला फिरकलाही नाही. चित्र त्याच्या हवाली करायचं, का आला नाहीस ते विचारायचं आणि परतायचं, असं ठरवूनच मी निघाले होते.

दादा सोहारला राहतो, तिथून न्यायला आला होता. केस पांढरे झालेले. अल मवालेहच्या भाजीबाजारात त्याने टोमॅटोचा रिकामा खोका मागून घेतला, काचा झटकून चित्र त्यात ठेवलं. सोहारच्या वाटेवर उजवीकडे खजुराच्या बागांआड समुद्र, डावीकडे उघडे डोंगर. खाबुऱ्याला मासळी आणि खुब्ज (मोठी रोटी) खायला थांबलो.

"तिखट चालेल ना गं?"

मी सांगलीची, आणि मला विचारतो!

जेवण झाल्यावर त्याने चित्र टेबलावर घेतलं. मग मला राहवेना. का आला नाहीस ते विचारलंच.

"अर्बाब (मालक) पासपोर्ट देईना गं. रोज इन्शाल्ला, इन्शाल्ला. आठ दिवसांनी दिला, तोवर सगळं खलास. मग यायची लाजच वाटली."

"सांगायचं तरी!"

"मी इथे मोठा साहेब आहे, असं बाबांना सांगितलं होतं ना."

मला रडूच आलं. चार वर्षं मी या माणसाला मनात शिव्या घातल्या होत्या.

"आणि तो सांधा? मलाही कुठे दिसायचा?" दादा म्हणाला. "मी कुठेही बोट ठेवायचो, बाबा हो म्हणायचे."

आम्ही दोघं पानावर वाकलो. काच नव्हती, खिडकीतलं ऊन थेट पडत होतं. झोपडीच्या छपरापासून शिकाऱ्याच्या खांद्यापर्यंत केसाएवढी पांढरी रेघ!

"मला आधी दिसली," मी म्हणाले.

"मीच दाखवली," दादा लगेच म्हणाला.

सोहारला चार दिवस राहिले, किल्ला पाहिला, हलवा बांधून घेतला. निघताना दादाने चित्राचा खोका माझ्याच हातात दिला. "घरच्या खिळ्यालाच लाव. काच मी येऊन बसवतो."

आता चित्र सांगलीत पुन्हा जुन्या जागी आहे. अजून टोमॅटोचा वास येतो. धूळ बसते, मी फुंकरीने झाडते. काचवाला दोनदा माप घ्यायला येऊन गेला. मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, आमचा दादा येणार आहे.