कुंडलिकची भुई

उंबरमाळीला उतरून डोंगराकडे चालत सुटलं की जिथे चांगलाच दम लागतो, तिथे कुंडलिकचं घर. माणूस सरळ, इतका सरळ की आडून बोललेलं त्याच्या डोक्यावरून जाई. भात लावायचं, भात कापायचं, उरलेल्या दिवसांत मिळेल त्या मजुरीला जायचं, यात त्याची पन्नाशी उलटली. गावच्या बैठकीत शेवटी तो हटकून एकच वाक्य बोले, "मना काय समाजला नाय." लोक हसत. खरं तर समजलेलं त्यांनाही नसे, पण कबूल कोण करणार?

दोन हजार साल उलटल्यावर गावात एका संस्थेच्या ताई येऊ लागल्या. म्हणाल्या, शहरातली माणसं इथे राहायला येतील. हॉटेल बांधायचं नाही, झाड तोडायचं नाही. पाळीपाळीने एकेका घरी उतरतील, तुम्ही खाता तेच खातील, मिळकत सगळ्या गावाची.

"पन बगायला काय येनार?" कुंडलिकने विचारलं.

"तुमचं घर. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली भुई. त्यात काही बदलू नका हं."

कुंडलिक घरी येऊन भुईकडे बघत बसला. रोजचीच होती.

नेमकं त्याच सुमारास थोरल्या शेखरचं लग्न जमत आलं. शेखर आसनगावला कामाला, मुलगी वाशिंदची, मनाली तिचं नाव. शेखर मामाला घेऊन मुलगी बघून आला होता. कुंडलिक आणि त्याची बायको भागीरथी भाताच्या झोडणीत अडकल्यामुळे गेले नव्हते. आता मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. मध्यस्थाने आधीच कानात सांगितलं, "शेनाची भुई बगून परत जातील. ती पोर लादीवर वाढलेली हाय." शेखर तर दोन दिवस जेवलाच नाही. त्याला मुलगी मनापासून आवडली होती.

एक पाहुणा भुई बघायला येणार आणि दुसरा भुई बघून पळणार. कुंडलिकचं डोकं गरगरलं. शेवटी त्याने पुढच्या खोलीत लादी बसवली आणि मागच्या पडवीत भुई ठेवली. सोयरे पुढे, शहरवाले मागे. झाला बंदोबस्त! आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण हुशार आहोत असं वाटलं.

आणि दोन्ही पाहुणे एकाच रविवारी आले.

शेखर सोयऱ्यांना आणायला स्टेशनवर गेला होता. इकडे आधी एक जोडपं चालत आलं. बाई साध्या सुती लुगड्यात, बुवांच्या अंगात चुरगळलेला सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. पाठोपाठ रस्त्याने जीप आली. तिच्यातून काळा चष्मा लावलेला गृहस्थ, चकचकीत साडीतली बायको आणि जीन्स घातलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला मुलगा उतरले. आता सांगा, यातलं शहरवालं कोण?

विचारलं असतं तर क्षणात उलगडा झाला असता. पण दारात आलेल्याला पाणी आणि घास दिल्याशिवाय "तुमी कोन" म्हणून विचारायचं नाही, ही त्या घराची रीत. कुंडलिकच्या बापाने पाळलेली, त्याच्या बापानेही पाळलेली. ती कुंडलिक कशी मोडणार?

सुती लुगड्यातल्या बाईंना लादीवर, शेजारून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. समोर फरसाण आणि थंड बाटली. जीपवाल्यांना थेट मागच्या पडवीत, भुईवर. पानावर नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी. वर, ताईंनी शिकवल्याप्रमाणे, भागीरथीने चकचकीत साडीवालीच्या हातात मुसळ दिलं. "कांडून बगा. मजा येते."

ती बिचारी कांडू लागली. आपण मुलीची आई, मुलीकडच्यांनी तोंड वर करून बोलायचं नसतं, सोयऱ्यांच्या घराण्याची रीतच असेल, असं ती समजली. मुलगा मात्र फुरंगटून जीपमध्ये जाऊन बसला.

पुढे कुंडलिक हात जोडून उभा होता. "घर पसंत हाय का, मोकल्या मनाने सांगा."

बाई अवघडल्या. "छान आहे. पण… आम्हाला वाटलं होतं शेणाची जमीन असेल."

कुंडलिक लादीकडे बघू लागला. लादीसाठी एवढा आटापिटा केला आणि सोयऱ्यांना भुईच हवी? तेवढ्यात शेखर स्टेशनवरून रिकाम्या हाताने परतला. पडवीत डोकावला आणि किंचाळला, "बाबा! सासूबाईंना कांडायला बसवलंत?"

 पोराचं लग्न आपण आपल्या हाताने मोडलं, एवढं मात्र कुंडलिकला लख्ख समजलं. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

काळा चष्मा काढून मुलीचा बाप, राघो, पडवीतून पुढे आला. 

"कुंडलिकभाव, घर पसंत," तो म्हणाला. "तुमी आमाला शहरवाले समजून भुईवर बसवलंत, त्याचा राग नाय. वलख नसताना पोटभर वाढलंत. तिथं माजी पोर उपाशी नाय र्‍हानार. पन एक अट हाय. आमची मनाली शेन सारवनार नाय."

"नाय सारवनार," कुंडलिक पटकन म्हणाला. शब्द दिला गेला.

लग्न झालं. संस्थेचे पाहुणे येतच राहिले, त्यांना भुई हवीच होती. सुनेला शब्द दिलेला. आणि माघात भागीरथीचा गुडघा धरला, तिला खाली बसवेना. मग उरलं कोण?

कुंडलिक सारवायला बसला. बाईमाणसाचं काम, त्याने जन्मात हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी भुईवर नांगरट उमटली. भागीरथी उंबऱ्यात बसून सांगत राही, "अवो, पानी कमी घ्या. हात फिरवा, चोलू नका." हळूहळू हात बसला.

एकदा एका पाहुणीने त्याचा फोटो काढला, मग दुसरीने. तिने सोबतच्यांना समजावलं, "या डोंगरात पुरुष सारवतात. फार जुनी परंपरा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेणाच्या हातांनिशी कुंडलिक बावळटासारखा हसला. आपण परंपरा कधी झालो, ते त्याला समजलं नाही.

पाहुणे रानाकडे गेले. तो भागीरथीला म्हणाला, "एवढ्या लांबून येऊन माजे फोटो काडतात. मना काय समाजला नाय गो."

भागीरथी गुडघा चोळत होती. "लगीन होऊन आले तवापासून हीच भुई मी सारवली," ती म्हणाली. "माजा फोटो कोनी काडला नाय."

कुंडलिकचा हात थांबला. हे मात्र त्याला समजलं.