सुपातली शाळा

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, कर्जत-खोपोली रस्त्यावरून आत वळल्यावर डाव्या हाताला जे तिसरं घर लागतं, त्याच्या स्वयंपाकघरात भरणारी शाळा या जूनपासून कायमची बंद झाली आहे. पटावर दोनच नावं होती आणि ती दोन्ही आता दुसरीकडे, चांगल्या लाकडी बाकांवर बसतात. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, शिपाई आणि खिचडी शिजवणारी बाई अशा चारही पदांवरून मी एकाच सकाळी निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही. शाळेची मालमत्ता अशी: फ्रिजला चिकटलेलं एक वेळापत्रक, ज्यातला गुरुवार आमटीने पुसला गेला आहे, एक पातळ हजेरीवही, आणि एक सूप.

सुपाकडे पाहून कोणी हसू नये. माझ्या लेकीची दहावी त्या सुपात झाली.

त्याचं असं झालं. शाळा बंद पडल्या होत्या आणि पोरं फोनवर शिकत होती, त्या दोन वर्षांत आमची लेक फुलली. फोनला रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीपाशी यायची. ती टाकीला टेकून बसायची आणि धडाधड उत्तरं द्यायची. मग शाळा उघडल्या आणि हिचं तोंड मिटलं. कोणी रागावलं नव्हतं, कोणी चिडवलं नव्हतं. फळ्यापाशी उभं केलं की, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, डोक्यात सगळं पांढरं व्हायचं, भिंतीला नुकता चुना मारल्यासारखं. घरी आली की डबा भरलेला तसाच. महिनाभर मी तो डबा उघडून बंद केला आणि एका संध्याकाळी जाहीर केलं की उद्यापासून ही घरी शिकेल. तिच्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ जेवता जेवता म्हणाला की मग मी पण. न्याय म्हणजे न्याय.

नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. तो म्हणाला, तुला झेपत असेल तर बघ, पण मला परीक्षेला बसवू नकोस. राहिले सासरे. आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो. जन्मभर भातशेती केलेला माणूस, चौथी शिकलेला, पण कागदाचा मान फार. त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि सगळं ऐकून घेऊन अट घातली.

"पोर घरी शिकू दे, माजं कायच म्हननं नाय. पन दहावीचा कागद हवा. नाय मिळाला तर त्या जूनला मी सोता तिला शाळंत नेऊन बसवीन. आन फळ्याम्होरं बसवीन."

लेकीने ताटातला भात कालवला तो कालवतच राहिली. त्या दिवसापासून आमच्या घरात दहावी म्हणजे मार्कांची गोष्ट उरली नाही. दहावी झाली तर घर, नाही झाली तर फळा.

मी शिळफाट्यावर जाऊन खडू, डस्टर आणि शंभर पानी हजेरीपट मागितला. दुकानातल्या चाचांनी विचारलं, कुठल्या शाळेसाठी? मी ऐटीत म्हटलं, आमच्या. किती मुलं? दोन. चाचांनी हजेरीपट माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि सगळ्यात पातळ वही पुढे ठेवली. म्हणाले, "ताई, ही पण उरेल."

पहिले काही दिवस मी शाळा अशी चालवली की खऱ्या शाळेने लाजावं. सकाळी आठला ताटलीवर पळी मारून घंटा. प्रार्थना. हजेरी. दोघांनी उभं राहून हजर म्हणायचं. सगळ्यात मोठा नियम म्हणजे आठ ते बारा मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. तिसऱ्या दिवशी धाकट्याने हात वर केला आणि अगदी अदबीने विचारलं, "बाई, आई कुठाय? भूक लागलीय."

मी म्हटलं, आई आत आहे, मधल्या सुट्टीत भेटेल. मी आत गेले, पदर खोचला, बाहेर आले आणि आई होऊन पोहे दिले. या नाटकात मला इतकी मजा यायची की कधी कधी मी बाई होऊन आईच्या तक्रारी करायचे आणि आई होऊन बाईंच्या. आबा पडवीतून ऐकायचे. एकदा त्यांनी दारातून विचारलं, मास्तरीणबाई, तुमच्यातल्या सूनबाईला जरा चहा टाकायला सांगाल का.

धाकट्याचं बरं चाललं होतं. कर्जतला गाडी घाट चढायच्या आधी मागून इंजिनं लावतात, ती पुढून का नाही लावत, या एका प्रश्नावर त्याचं विज्ञान सहा महिने चाललं. पण लेकीचं घरीही तेच. वाचायची, समजायचं, लिहायचीही. आणि मी "सांग बघू" म्हटलं की पांढरं. मला वाटलं होतं की फळा शाळेत राहिला. तो आमच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला होता आणि आता त्याच्यासमोर मी उभी होते.

एका सकाळी भूमितीचं एक प्रमेय चाललं होतं. ती गप्प, मी गप्प, ओट्यावर कुकर रिकामा, आणि नवरा दुपारच्या पाळीला जेवून जायचा होता. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी वही मिटली आणि तांदळाचं सूप तिच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, राहू दे ते प्रमेय, निदान तांदूळ तरी निवड.

घरचे तांदूळ. गिरणीतून आणले तरी खळ्यावरचा एखादा खडा आणि सालासकट राहिलेले भाताचे दाणे त्यात असायचेच. ती मान खाली घालून निवडायला लागली. मी पाठमोरी कांदा चिरत होते. आणि मागून, सुपात बोलल्यासारखा आवाज आला. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली तर. मी सुरी थांबवली नाही. कांदा चिरून झाला तरी सुरी पाटावर आपटत राहिले, नुसतीच, कारण मी थांबले तर ती थांबेल अशी मला भीती. तिने अख्खं प्रमेय म्हटलं, सिद्धतेसकट, आणि शेवटी म्हणाली, "झाले."

"प्रमेय?" मी विचारलं.

"तांदूळ," ती म्हणाली.

मग आमच्या शाळेचा अभ्यासक्रम बदलला. घंटा बंद, खडू-डस्टर गोठ्यात. जे अडेल ते सुपात. इतिहास निवडला, बीजगणित निवडलं, हिंदीच्या कविता तर दोन-दोनदा निवडल्या. हात चालू असले की तिचं डोकं कोणी बघतंय हे विसरायचं. पण चार माणसांच्या घराला आणि एका म्हाताऱ्याला तांदूळ लागून लागून किती लागणार? आठवड्याचे तांदूळ सोमवारीच आरशासारखे स्वच्छ. स्वच्छ तांदळात तिची बोटं थांबायची, आणि बोटं थांबली की जीभही.

आता मी जे केलं ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. मी पहाटे उठून निवडलेल्या तांदळात मूठभर खडे आणि भाताचे दाणे परत मिसळायला लागले. अंगणातून बारीक खडे वेचायचे, धुवायचे, डब्यात टाकायचे. वर झाकण, वर माझा भोळा चेहरा. दुपारपर्यंत लेक ते सगळे वेचून काढायची आणि सोबत आम्लं, आम्लारी, क्षार.

एके दिवशी माझी मोजणी चुकली आणि एक खडा आबांच्या घासात गेला. कट्ट असा आवाज झाला. सगळी पंगत थांबली. आबांनी तोंडातून खडा काढला, तळहातावर ठेवला आणि बराच वेळ पाहिला. आमच्या तांदळाला खडा लागत नाही, हे ते लोधिवलीच्या व्याह्यांना ऐकवून आलेले. मग ते उठले, अंगणात गेले, खाली वाकून काहीतरी उचललं आणि परत आले. दुसऱ्या तळहातावर तसाच खडा होता.

मला वाटलं, आता आमची शाळा गेली. लेक माझ्याकडे बघत होती. तिला तेव्हाच कळलं असावं की तिच्या तांदळात रोज खडे कुठून येतात.

आबांनी दोन्ही खडे ताटाशेजारी ठेवले आणि जेवले. हात धुवायला गेल्यावर मोरीपाशी मला हळूच म्हणाले, "खडं नको टाकू गं. उडीद टाक. काळं दिसतं, पोरीला घावंल. आन एकांदं राहिलंच तर शिजंल."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर उडदाची पुडी होती. ती संपली की नवी यायची. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. लेकही बोलली नाही. ती निमूट काळे दाणे वेचायची आणि वाटीत साठवायची. महिनाअखेर त्याचे पापड व्हावेत इतके.

असं दीड वर्ष गेलं. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, खोपोलीचं केंद्र आलं. आणि परीक्षेला आठवडा राहिला असताना, हॉलतिकिटाच्या मागच्या सूचना वाचताना, मी एका सूचनेवर अडकले. वर्गात फक्त पेन, पेन्सिल, कंपास. पाणी चालेल. दीड वर्ष आम्ही दोघांनी मिळून या पोरीला सुपाची सवय लावली होती आणि परीक्षेला सूप नेता येत नाही हे घरातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मला नाही, जिने शाळा काढली. आबांना नाही, ज्यांनी अट घातली.

सूप माळ्यावर टाकलं. लेक टेबलाशी बसली. पहिला दिवस पांढरा, दुसरा पांढरा. धाकट्याने कंपासपेटीत चार दाणे लपवायचं सुचवलं, तर तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो इंजिनांकडे परत गेला. कॉपी नाही करायची, ती म्हणाली. तांदळाची पण नाही. तिसऱ्या दिवशी मी सूप खाली काढायला माळ्यावर चढले तर ती खालून म्हणाली, "नको आई. तिथे कोण काढून देणारे?"

भाषेचे पेपर बरे गेले. भूमितीच्या दिवशी मी आणि आबा तिला सोडायला गेलो आणि परत न येता शाळेसमोरच्या वडाखाली बसलो. आबांनी धुतलेली टोपी घातली होती. मार्चचं ऊन. बोलायचं काही नव्हतं म्हणून मी त्यांना विचारलं की खिशात काय फुगलंय. त्यांनी पुडी काढून दाखवली. मूठभर तांदूळ आणि त्यात उडदाचे दाणे.

"आत नेता येत नाही आबा."

"ठाव हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे आपलं."

आणि मग ते पुडी मांडीवर सोडून निवडायला लागले. मीही निवडायला लागले. दोन तास दोन मोठी माणसं वडाखाली मूठभर तांदूळ निवडत होती, संपले की मिसळून पुन्हा. येणारी-जाणारी माणसं बघत होती. बघोत.

निकाल जूनमध्ये लागला. पोरगी पास झाली, आणि भूमितीत इतकी की तिच्या भावाला ते मार्क अजून ऐकावे लागतात. आबांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाठीमागून पाहिला आणि पेटीत ठेवला. पुन्हा शाळेचा विषय काढला नाही. पण माझ्या हिशेबी निकाल लागला तो भूमितीच्या पेपराच्या दुपारीच, केंद्राच्या फाटकाशी.

घंटा झाली, पोरं बाहेर आली, आमची सगळ्यात शेवटी. चेहरा लाल. तिच्या मागोमाग एक पर्यवेक्षक बाई, माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, हिच्या आई तुम्हीच का? मी हो म्हटलं. वाटलं, दाणे नेले हिने. नेलेच शेवटी.

बाई म्हणाल्या, तसं काही नाही हो. तुमच्या मुलीने आज माझा अख्खा वर्ग दोन मिनिटं माझ्या हाताबाहेर घालवला, एवढंच सांगायला आले. वीसेक मिनिटं ही नुसती कोऱ्या कागदाकडे बघत होती. मग हात वर केला. मला वाटलं, पुरवणी हवी. मी जवळ गेले, तर ही मोठ्याने काय बोलली माहितीय? सगळी पोरं खदखदून हसली. मी पण. मग ही स्वतःच हसायला लागली, हसून हसून डोळे पुसले आणि बाकावर डाव्या हाताची दोन बोटं अशी अशी हलवायला लागली, जणू काही टिपतेय. आणि उजव्या हाताने लिहीत सुटली. घंटेपर्यंत मान वर नाही.

लेक माझा पदर ओढत होती, चल ना, चल ना. मी हललेच नाही. आबांनी टोपी मागे सारली आणि कान पुढे केला.

"काय बोलली?" आबांनी विचारलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हात वर करून, हुबेहूब आमच्या पोरीच्या आवाजात सांगितलं:

"बाई, सूपभर तांदूळ मिळतील का? निवडून देते."