माठाचं पाणी
ती बाटली मीच भरली होती. गोल बाजारात नव्या माठांचा मातकट वास आला, की मला आधी तेच आठवतं. तेव्हा मी रायपूरच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायचो. पुरानी बस्तीतली एक विद्यार्थिनी पाण्यातले घातक जंतू ओळखणारी पट्टी बनवत होती. पट्टीवर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा काळा लेप असायचा आणि त्याला जंतू चिकटले की मीटरवरचा आकडा उसळायचा. परीक्षक यायच्या दिवशी तुलनेसाठी लागणारं शुद्ध, डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं. मी त्याच्या बाटलीत व्हरांड्यातल्या माठाचं पाणी ओतलं आणि गप्प राहिलो. आम्ही सगळे तेच तर प्यायचो. तिने आधी ते ‘शुद्ध’ पाणी तपासलं आणि आकडा उसळला. परीक्षक हसले. मी सगळ्यांसमोर ओरडलो, “ए पोट्टी, कागदाले काजळ फासून सायंटिस्ट बनून राहिली का?” ती म्हणाली, “सर, पट्टी सही है. पानी में ही गड़बड़ है.” “मले शिकवते का?” म्हणत मी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. ती नापास झाली. इतक्या वर्षांनी परवा बूढ़ापाऱ्याच्या रस्त्यावर ती दिसली. मला पाहताच तिने स्कूटर वळवली, तसा मी आडवा गेलो. “काहून रस्ता अडवून राहिले? हटिए!” ती खेकसली. मी हात जोडले. “ताई, त्या बाटलीत माठाचं पाणी मीच ओतलं होतं. तुमची पट्टी खरी होती. मले माफ करा.”