राजाला ग्रहण ठाऊक होतं

वाशीमकडच्या मातीतला सुदर्शन बारा वर्षांत कोथरूडचा झाला. दिवसा हिंजवडीत कंपनीचं काम, पहाटे उठून कादंबरी. सहा वर्षं त्यानं ती आटत आलेल्या गाईची धार काढावी तशी थेंबथेंब काढली. पुण्याचा एक इंजिनिअर आठशे वर्षं मागे, यादवांच्या राज्यात जाऊन पडतो आणि तिथल्या अडाण्यांना अकलेच्या जोरावर नाचवतो, अशी ती गोष्ट.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वाचन ठरलं. वडील नागोराव आदल्याच दिवशी गावाहून आले होते. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. दारातच सोसायटीच्या सेक्रेटरी चैतालीताईंनी विचारलं, "हे कोण?"

"गावाकडचे पाहुणे," सुदर्शन म्हणाला. शब्द जिभेवरून सुटला आणि मागं वळून पाहायची त्याची छाती झाली नाही. नागोराव शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

वाचन रंगलं. कादंबरीतला म्हातारा माळी इंजिनिअरच्या मोबाईलचा उजेड बघतो, देव समजून पायताण काढतो आणि हात जोडतो. हॉल हसून लोळला. सुदर्शनची नजर मात्र शेवटच्या रांगेकडे गेली. पहिल्यांदा पुण्याला आले तेव्हा आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारापुढे वहाणा काढून ठेवल्या होत्या त्या नागोरावांनीच. घरी पोट धरून हसत ही गंमत सांगितली होती तीही त्यांनीच. आता त्यांनी दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

सुदर्शननं पान उलटलं आणि वाचन रेटलं. इंजिनिअर भर दरबारात सूर्य गिळायची धमकी देतो, ग्रहण लागतं आणि राजा त्याच्या पायावर लोळण घेतो. टाळ्या झाल्या.

"कुणाला काही विचारायचंय?" चैतालीताई म्हणाल्या.

शेवटच्या रांगेतली टोपी उठून उभी राहिली. "गिरान त पंचांगात अगुदरच लिवलेलं असते जी. आमच्या गावात पाडव्याले जोशीबुवा वाचून दाखवत. गुराख्याले मालूम राहे. मंग राजाले काहून मालूम नसन?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणं विरलं. दर पाडव्याला बापाच्या मांडीवर बसून सुदर्शननंच ते पंचांग ऐकलं होतं.

"मुद्दा बिनतोड आहे," चैतालीताई म्हणाल्या. "आपण सुदर्शनचे कोण?"

नागोरावांनी लेकाकडे पाहिलं. माईक लेकाच्या हातात होता. तो कादंबरीची पानं सारखी करत राहिला.

"मी पाहुना हावो जी," ते म्हणाले आणि खाली बसले.

परतताना लिफ्टमध्ये ते एवढंच बोलले, "तो माळी चांगला मानूस हाय. पुढं त्याले मारू नोको बापू."

सुदर्शननं मान खाली घातली. शेवटून दुसऱ्या प्रकरणात माळी मरत होता, तोही लोकांना हसवत.

सकाळी त्यानं नागोरावांचा हात धरला आणि चैतालीताईंची बेल दाबली.

"हे माझे वडील," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

चैतालीताईंनी आधी नागोरावांना वाकून नमस्कार केला. मग सुदर्शनकडे पाहिलं.

"असं का? मग काल काय, ग्रहण लागलं होतं?"

नागोराव मनमोकळं हसले. सुदर्शन फरशीकडे बघत उभा राहिला. उंबऱ्याबाहेर बापाच्या वहाणा होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या.