रॉकेटच्या मैदानावरची फौजदारीण

रॉकेट क्लबात सगळे तिला फौजदारीणबाई म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. वर्षातून एकदा, शनिवार-रविवारी, शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर हौशी मंडळी घरी बनवलेली रॉकेटं उडवायला जमत, आणि ते दोन दिवस माळावर हिचं राज्य. दोरीच्या पुढे कुणी यायचं नाही. वारा वाढला की उडवणं बंद. तिनं हातात घेऊन तपासल्याशिवाय एकही रॉकेट उडवायच्या दांड्यावर चढायचं नाही. एकदा कुणाचं तरी पोर चेंडूमागे दोरीखालून आत शिरलं, तर हिनं अख्खं मैदान थांबवलं आणि त्याच्या आईला असं फैलावर घेतलं की ती बाई पुन्हा फिरकलीच नाही. खरं सांगायचं तर हा मान तिला नकोच होता. पण वाईटपणा घ्यायला दुसरं कोण तयार होणार?

एरवी ती लिफ्ट दुरुस्त करायची. ज्या उस्तादाच्या हाताखाली ती शिकली, त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. तो लिफ्टच्या खाली काम करत असताना वर कुणा भल्या माणसानं वीज चालू केली होती. 'जो आत जाईल, किल्ली त्याच्या खिशात,' एवढं एकच तो पुन्हा पुन्हा बजावायचा. म्हणून रॉकेटच्या बटणाच्या पेटीलाही तिनं किल्ली बसवून घेतली. किल्ली लावलेली असेल तरच वीज तारेतून रॉकेटपर्यंत जाणार. किल्ली काढली की बटण कितीही दाबा, काही होत नाही.

यंदा पंचाईत अशी झाली की रॉकेट घेऊन आले ते खुद्द तिचे सासरे. म्हाताऱ्याची सगळी हयात बेकरीत गेलेली. बेकरी मुलाच्या, म्हणजे हिच्या नवऱ्याच्या, हातात दिल्यावर वेळ जाईना, तेव्हा हे खूळ डोक्यात शिरलं. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा, लाकूड, डिंक यांचा पसारा. सासूबाई कावून म्हणायच्या, "या घरात रॉकेटला जागा आहे, ताटाला नाही." पण रॉकेट झालं मात्र देखणं. लालभडक आणि म्हाताऱ्याच्या छातीपर्यंत उंच.

शनिवारी तिनं ते हातात घेतलं आणि खालचा एक पंख हलवून पाहिला. पंख हलला.

"बाबा, आज नाही. पंख सैल आहे, वर जाऊन वाकडं वळेल."

"सूनबाई, तुझ्या जन्माआधीपासून मी आगीशी खेळतोय!"

"म्हणून तर," ती बोलून गेली.

झालं! आजूबाजूचे खो खो हसले. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. रॉकेट काखोटीला मारून ते बेकरीच्या गाडीत मागे जाऊन बसले. वाटेत सासूबाईंनी सुनावलं, "चारचौघांत नाक कापायची गरज होती का?" नवरा गाडी चालवत राहिला.

"तू तरी एक शब्द बोलायचास," घरी आल्यावर ती त्याला म्हणाली.

"काय बोलू? एकीकडे बाप, एकीकडे तू. माझं आपलं इकडे आड, तिकडे विहीर!"

तिला रडूच आलं. या घरात ती आली तेव्हा लिफ्टच्या कामावर सगळ्यांनी नाकं मुरडली होती, आणि 'करू दे की तिला' म्हणणारे सासरे एकटेच होते. त्याच माणसाचं आपण लोकांत हसं केलं. उद्या त्यांना काही म्हणजे काही बोलायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

रविवारी वारा पडलेला होता. म्हाताऱ्यानं पंख पुन्हा चिकटवून आणला होता, अगदी दगडासारखा घट्ट. तिनं तपासून मान हलवली, तरी त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रॉकेट दांड्यावर चढलं. सगळे दोरीमागे आले. बटणापाशी नवरा बसला. लोकांनी मोठ्यानं उलटे आकडे मोजले, त्यानं बटण दाबलं, आणि काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म!

"पाव अजून फुगला नाही वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा तेच हसणं.

अशा वेळचा नियम ठरलेला होता. किल्ली काढायची, कुणी जागचं हलायचं नाही, थोडा वेळ जाऊ द्यायचा, आणि मग एकट्यानंच पुढे जायचं, किल्ली खिशात घेऊन. तिला क्षणभर वाटलं, राहू दे की. म्हातारा आधीच दुखावलाय, त्यात आणखी नियम कशाला काढा? आणखी एकदा दाबून बघू, उडेल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील. तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा. पण मग तिच्यानं राहवलं नाही. चिडूनच तिनं किल्ली उपटली, खिशात टाकली आणि लोकांकडे वळून ओरडली, "सगळे जागेवर थांबा! हसायला काय झालं?"

तिची पाठ वळली तेवढ्यात म्हातारा दोरी ओलांडून निघाला.

रोज पहाटे बेकरीत हेच चालायचं. भट्टी पेटली नाही की बाप वाकून आत बघणार, आणि मुलगा वायर चाचपून बटण दाबणार. बोलायची गरजच नाही, इतकी वर्षं झालेली. इथंही बाप जाऊन रॉकेटच्या बुडाशी वाकला, चांगला तोंड खाली घालून. आणि इकडे मुलानं पेटीमागे वाकून बॅटरीची निसटलेली वायर शोधली, घट्ट बसवली आणि मान वर न करताच बटण दाबलं.

टक्.

ती वळली ती त्या आवाजानं. एका नजरेत तिला दोघं दिसले. हात आपोआप खिशाकडे गेला. किल्ली तिथंच होती.

"बाबा! मागे या! आधी मागे या!"

"ओरडायला काय झालं?" म्हातारा कुरकुरत परत आला.

नवऱ्यानं आत्ता कुठे मान वर केली होती. चेहरा पांढराफटक. "बाबा, मी बटण दाबलं," तो म्हणाला. "तुम्ही तिथं होतात आणि मी दाबलं."

"मग पेटलं कुठे?" म्हातारा म्हणाला. मग त्यांची नजर पेटीवरच्या किल्लीच्या रिकाम्या भोकावर गेली.

कुणी हसलं नाही. ठरलेला वेळ सगळे मुकाट थांबले. मग तिनं एकटीनं जाऊन तार पाहिली, परत आली, प्रत्येकजण दोरीमागे असल्याची खात्री केली आणि किल्ली लावली. नवरा बटणाला हात लावेना. "माझ्याच्यानं नाही होणार," म्हणाला. शेवटी तिनंच दाबलं.

दाबलं मात्र, तत्क्षणी बुडाखालून जाळाचा लोट चारी बाजूंना फुटला आणि रॉकेट सणसणत वर गेलं. सगळं मैदान माना वर करून ओरडत होतं. घरची चौघं मात्र खाली बघत होती. दांड्याखालचा पत्रा तापून धुमसत होता आणि म्हातारा जिथं वाकला होता तिथलं गवत काळं पडलं होतं.

मुलानं बापाला मिठी मारली, ती सोडेचना. "अरे, आहे मी, आहे," म्हातारा त्याची पाठ थोपटत राहिला. सासूबाई येऊन सुनेच्या दंडाला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. आणि तिचा जीव असा काही भांड्यात पडला की ती पेटीशेजारी मट्कन खाली बसली.

वर पॅराशूट उघडलं. लाल रॉकेट डुलत डुलत माळाच्या पार टोकाला उतरलं. आपलं रॉकेट उतरलं की माणूस धावत सुटतो, तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही. म्हातारा दोरीपाशी गेला, दोरीवर हात ठेवला आणि मागे वळला.

"सूनबाई, जाऊ का मी आता?"

ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

"ती सांगेपर्यंत हलू नका!" सासूबाई खेकसल्या.

"हललोय का मी?" म्हातारा म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.