रिबिनीमागचं अंजीर

विजयमालाबाई आमच्या कर्वेनगरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. का, याच्या चार कथा गावभर आहेत. त्यातल्या तीन मीच पसरवल्या. खरं कारण रसभरित नव्हतं. म्हातारे वडील गेनबा आणि त्यांच्या हातचं अंजिराचं झाड, दोघांना सोडून जाववेना.

गेनबा गेले. थोरले भाऊ हिंदुराव बिल्डर झाले आणि त्या जमिनीवर इमारत आली. झाड पाडण्याआधी बाईंनी फांद्यांच्या काड्या पिशव्यांत लावल्या. फ्लॅटच्या गॅलरीत त्या उन्हानं करपायला लागल्या, म्हणून शाळेत हरितगृह हवं, हा ध्यास. पालकसभेत बाई वर्गणीसाठी उभ्या राहिल्या की लोक चपला शोधायचे. शेवटी पाइप आणि प्लास्टिक हिंदुरावांनीच दिलं. वर त्यांच्या नावाची पाटी. ती तेवढी ग्रॅनाइटची.

उद्घाटनाला कुणी बडे साहेब येणार होते. त्यांना आत हिरवं दिसावं म्हणून पिशव्या आदल्या दिवशीच मांडल्या. बाजूचे पडदे खाली सोडले, कुलूप लावलं, रिबीन बांधली. सकाळी निरोप आला: साहेब उद्या येतील. दुसऱ्या दिवशीही तोच निरोप. एप्रिल तापलेला.

"दादा, पडदे तरी वर करू दे. आत भट्टी झाली असंल."

"माले, येडी हायस का? रिबीन कापायच्या आधी कुणी हात लावला तर सायबांचा अपमान. उद्या नक्की हाय."

जन्मभर मुलांना शिस्त लावलेली बाई, कुलूप कसली तोडते! बाहेरूनच पाइपानं प्लास्टिकवर पाणी मारत राहिली.

"बाई, प्लास्टिक उगवायचंय का?" शिपाई सोनबा म्हणाला.

साहेब आले तोवर आठवडा उलटला होता. रिबीन कापली, टाळ्या झाल्या. आत पानांचे पापड झाले होते.

"दुसऱ्या काड्या लाव," हिंदुराव कुजबुजले.

"आणू कुठून, दादा? तिथं तुझं पार्किंग झालंय."

बाहेर साहेबांचं भाषण सुरू झालं. बाई जमिनीवर बसून एकेका काडीची साल नखानं खरवडू लागल्या. आत हिरवं दिसलं तर जीव असतो. तपकिरी. पुढची, तीही तपकिरी. मग कडक इस्त्रीतले हिंदुराव दुसऱ्या टोकाला बसले आणि तेही खरवडू लागले. सरकत सरकत दोघं मधल्या शेवटच्या पिशवीशी आले.

ती काडी मात्र कुणीच खरवडेना.